मदत हवी आहे: एसटीपीचं बायोविन मॉडेल आउटलेटच्या अमोनियाशी जुळत नाही

मंडळी, इथे कोणी सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं (एसटीपी) सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मॉडेल, करतं का? एका नगरपालिकेचा जुना अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजचा (हवा देऊन जिवाणूंच्या गाळाने पाणी शुद्ध करणारा) एसटीपी आहे, त्यात नायट्रोजन काढायला अ‍ॅनॉक्सिक (बिनहवेची) टाकी वाढवायची की आधी हवा देणारे ब्लोअर बदलायचे हे ठरवायला मी बायोविन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलंय. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१९ मध्ये टोटल नायट्रोजन १० एमजी पर लिटरच्या आत मागितलाय त्यामुळे हे सगळं आलं.

सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) बऱ्यापैकी जुळतंय. अडलंय अमोनियावर. इनलेटला २८, मॉडेल म्हणतं आउटलेटला १ च्या आसपास, आणि लॅबचा रिपोर्ट येतो ९-१० (सगळं एमजी पर लिटर). पाणी २७ डिग्रीचं, लॉगबुकप्रमाणे एसआरटी (गाळ टाकीत राहण्याचा काळ) १० दिवस, म्हणजे नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) आरामात व्हायला हवं. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) कमी पडतेय का तेही बघितलं, १ ग्रॅम नायट्रोजनला ७.१४ ग्रॅम लागते, तरी आउटलेटला १८० एमजी पर लिटर उरतेय, म्हणजे ते कारण नाही.

सीनियर म्हणतात नायट्रिफायरचा (हे करणाऱ्या जिवाणूंचा) ग्रोथ रेट दिवसाला ०.९ वरून खाली आण, जुळेपर्यंत. जुळेल हो, पण खरं कारण हवेची कमतरता असेल तर तेच मॉडेल उद्या सांगेल की टाकी मोठी करा, आणि लोकांचे पैसे काँक्रीटमध्ये जातील आणि अमोनिया नदीत तसाच जाईल. मला हे पटत नाही.

सीओडीचे फ्रॅक्शन (त्यातल्या घटकांचे वाटे) सॉफ्टवेअरचे डीफॉल्टच आहेत, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मीटर एकच, तोही हवा सोडणाऱ्या डिफ्युझरजवळ, आणि सॅम्पल सकाळचं ग्रॅब (एकाच वेळी घेतलेलं). टेस्टिंगला पैसे थोडे आहेत, तर आधी काय मोजू?

प्रतिसाद:
ग्रोथ रेटला हात लावू नका, तुमचं बरोबर आहे. एमएलएसएस जुळलं म्हणून एसआरटी बरोबर असं नसतं, इनर्ट (जिवाणूंना न पचणारा) सीओडी डीफॉल्ट असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतात. स्लज खरंच किती निघतो ते फॉस्फरसच्या बॅलन्सने काढा, तो हवेत उडत नाही. मग एक दिवस टाकीच्या शेवटाला दर दोन तासांनी अमोनिया आणि डीओ घ्या. स्टेडी स्टेटची सरासरी एका ग्रॅब सॅम्पलशी जुळवण्यात अर्थ नाही. आणि एक विचारतो, सेंट्रीफ्यूजचं (स्लजमधलं पाणी काढणाऱ्या यंत्राचं) पाणी इनलेटला परत येतं का? तुमचं सॅम्पल त्याच्या आधीचं की नंतरचं?