घरच्या डिझेल गाडीला थोडी जास्त ताकद द्यावी का?

घाटमाथा (धागाकर्ता)
आमच्याकडे २०१४ ची १.३ लिटर मल्टिजेट डिझेल हॅचबॅक आहे. १,१२,००० किलोमीटर झाले, इंजिन अजून एकदाही उघडावं लागलेलं नाही. एकटा असलो की गाडी पुरून उरते. पण मे महिन्यात आई-बाबा, बायको, मुलगी आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असं चिपळूणहून कराडला निघालो. कुंभार्ली घाटात पुढे विटांचा ट्रक होता. वळण संपलं, सरळ पट्टा दिसला, मी तिसऱ्या गियरमध्येच पाय दाबला. दोन सेकंद गाडी जागची हललीच नाही म्हणा ना. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) जागा होईपर्यंत समोरून एसटी आली. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे गेलो. कुणी काही बोललं नाही, पण आईने नातीला जवळ ओढून घेतलेलं मला आरशात दिसलं.

तेव्हापासून रिमॅपचा विचार डोक्यात आहे. म्हणजे ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) प्रोग्रॅम बदलून डिझेलचं प्रमाण आणि टर्बोचा दाब थोडा वाढवायचा. हेच १२४८ सीसीचं इंजिन कंपन्यांनी ७५ हॉर्सपॉवरमध्येही विकलं आणि ९० मध्येही. मग ७५ चं ९० केल्याने इंजिनावर असा काय अन्याय होतो? मला स्पॉइलर नको, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नको. भरलेल्या गाडीला ऐन वेळी ताकद कमी पडू नये, एवढंच मागणं आहे, आणि ते रास्त आहे असं माझं ठाम मत आहे. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

जुनी_डिझेल
पूर्ण सहमत. माझ्याकडे हेच इंजिन आहे. रिमॅप करून तीन वर्षं आणि साधारण ४०,००० किलोमीटर झाले. आंबा घाटात पूर्वी जिथे दुसरा टाकावा लागायचा तिथे आता तिसऱ्यात चढते. शांत चालवली तर अ‍ॅव्हरेज तेवढंच मिळतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करणाऱ्याला, सांगून सौम्य फाइल (बदललेला प्रोग्रॅम) घ्या, तो दाखवेल त्या सगळ्यात मोठ्या आकड्यामागे जाऊ नका. आणि मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा.

स्पॅनर१३
माझं स्वतःचं गॅरेज आहे आणि या इंजिनावर बरीच वर्षं काम करतोय. पुण्याजवळ रांजणगावला हे बनायचं, टाटांच्या गाड्यांतही हेच असायचं, त्यामुळे आमच्या भागात सतत हाताखालून जातं. इंजिन दणकट आहे यात वाद नाही. पण "७५ आणि ९० एकच" हे अर्धंच खरं.

९० वाल्याचा टर्बो वेगळा असतो. त्यातल्या पात्यांचा कोन बदलतो, त्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही हवा मिळते. ७५ वाल्यात साधा, ठरावीक भूमितीचा टर्बो. प्रोग्रॅम बदलून ती पाती कुठून येणार? दुसरं म्हणजे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघा. एर्टिगात ९० चं इंजिन दिलं तेव्हा टॉर्क १९० वरून २०० न्यूटन-मीटरवर नेला. पंधरा घोडे वाढवले, टॉर्क वाढवला फक्त दहाने. क्लच आणि गियरबॉक्सवर येतो तो टॉर्कच, आणि बनवणाऱ्याने तिथे हात राखला. रिमॅपवाले एकदम चाळीस-पन्नासने वाढवून देतात. मग भरलेली गाडी घाटात चौथ्यात खेचताना क्लच सरकायला लागतो. फेऱ्या वाढतात, वेग वाढत नाही, करपल्याचा वास येतो. अशा गाड्या माझ्याकडे येतात.

आणि रिमॅपऐवजी तारेत बसवायचा जो स्वस्त डबा मिळतो, तो तर घेऊच नका. रेल प्रेशर सेन्सरचा (डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल बदलून तो ईसीयूला दाब कमी असल्याचं भासवतो, मग ईसीयू दाब आणखी चढवतो. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांचं काय होईल ते तुम्हीच बघा.

जुनी_डिझेल
दादा, तुमच्याकडे बिघडलेल्या गाड्याच येणार. नीट चालणाऱ्या येतील कशाला? क्लचचं म्हणणं मान्य आहे. माझा रिमॅपच्या आधीच नवीन टाकला होता, म्हणून कदाचित टिकला असेल.

आकडेमोड
घाटमाथा, तुमच्या त्या दोन सेकंदांबद्दल बोलू. बाकी चर्चा नंतर.

या इंजिनाचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांवर मिळतो. हिशेब केला तर तिथे ताकद होते साधारण ५४ हॉर्सपॉवर. तुम्ही ट्रकच्या मागे तिसऱ्यात होतात, म्हणजे फेऱ्या अंदाजे १५०० किंवा त्याहून कमी असणार. तिथे पूर्ण १९० मिळाला असं धरलं तरी ताकद ४० हॉर्सपॉवरच्या वर जात नाही, आणि प्रत्यक्षात तो मिळत नाही, कारण टर्बो फिरवण्याइतका एक्झॉस्टच तयार होत नसतो. रिमॅप करून ही पोकळी भरत नाही. ज्या फेऱ्यांवर गाडी आधीच खेचत होती, तिथेच ती जास्त खेचते.

त्याच वेगाला दुसरा गियर टाकला असता तर फेऱ्या २३०० च्या आसपास आल्या असत्या आणि टर्बो पाय दाबण्याआधीच जागा असता. अकराशे किलोच्या आतबाहेरची गाडी, त्यात पाच माणसं आणि सामान. तिला घाटात दुसरा लागणारच. ट्रक दिसला की आधी गियर, मग अंतर, मग पाय.

घाटमाथा
दुसऱ्यात इंजिन फार ओरडतं हो. गाडीवर अत्याचार केल्यासारखं वाटतं.

आकडेमोड
या इंजिनाची कमाल ताकद ४००० फेऱ्यांवर आहे. ३५०० चा आवाज म्हणजे अत्याचार नव्हे. खरा अत्याचार १२०० वर चौथ्यात पाय दाबून धरण्यात आहे, आणि अ‍ॅव्हरेजच्या मोहापायी आपल्याकडे बहुतेक जण तोच करतात.

कागदपत्र
सगळे यंत्राबद्दल बोलताहेत, कायद्याबद्दल कुणीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिनाची ताकद हा मूळ तपशील नाही तर दुसरं काय आहे?

जुनी_डिझेल
रस्त्यात गाडी थांबवून ईसीयू कोण वाचतं? तीन वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही. पीयूसीही दर वेळी पास झाली.

कागदपत्र
रस्त्यात कुणी वाचणार नाही. मोठा अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर मात्र गाडी तपासतो. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर दावा नाकारायचं कारण तुम्हीच त्यांच्या हातात दिलेलं असतं. घाटमाथा यांनी धागा काढला आई-वडील आणि लेकीच्या काळजीपोटी. मग त्यांच्याच डोक्यावरचं विम्याचं छप्पर काढून घेणं मला पटत नाही.

श्टुटगार्टहून
इथे जर्मनीत ताकद वाढवायला बंदी नाही, पण वाढवली की अधिकृत तपासणी संस्थेकडून गाडी पास करून घ्यावी लागते आणि नवा आकडा गाडीच्या कागदपत्रांत चढवावा लागतो. न केल्यास गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच जाऊ शकतो. तपासताना ब्रेक आणि टायर त्या ताकदीला पुरे आहेत का हेही पाहिलं जातं. आपल्याकडे अशी सोय हवी होती. आज प्रामाणिक माणसाला बदल कायदेशीर करून घ्यायचा म्हटलं तर सोपी वाटच नाही, म्हणून सगळं चोरून चालतं.

चार_माणसं_एक_डिकी
माझी १.२ पेट्रोल, टर्बो नसलेली. हौसेने आधी महागडा कापडी एअर फिल्टर बसवला. आवाज भारदस्त झाला, चढावर काडीचाही फरक नाही. विनाटर्बो पेट्रोलमध्ये वाढवायला फारसं काही नसतंच, त्यामुळे तशी गाडी असणाऱ्यांनी हे पैसे वाचवावेत.

नंतर पैसे खर्च केले ते थांबण्यावर, आणि मला विचाराल तर खरं अपग्रेड तेच. वेग ८० वरून १०० झाला तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास ५६ टक्क्यांनी वाढते. ताकद वाढवायचा विचार करणाऱ्याने आधी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची ठरलेली किमान मर्यादा १५५ वर येते. कोकणातली दमट हवा, त्यात घाट उतरताना सतत दाबलेला ब्रेक. ऑइल उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी बदला, खर्च किरकोळ आहे. आमच्या सोसायटीत विचारलं तर निम्म्या लोकांनी गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेलं नव्हतं. ऐकून अंगावर काटा आला.

मग टायर. तुमच्या गाडीला १६५/८० आर१४ असतील तर १८५/६५ आर१५ चा विचार करा. बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटरच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. फक्त वरच्या मॉडेलला कंपनी हाच साइज देते का ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. रुंदी वाढल्याने पकड चांगली मिळते, अ‍ॅव्हरेज किंचित कमी होतं. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही संपला.

स्पॅनर१३
टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघा. बाजूला चार आकडी तारीख असते. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष.

घाटमाथा
आत्ता खाली जाऊन पाहिलं. चारही टायरवर ३११७. म्हणजे २०१७ चे. नक्षी चांगली दिसत होती म्हणून मी निर्धास्त होतो. ब्रेक ऑइल कधी बदललं ते सर्व्हिसच्या एकाही बिलावर सापडलं नाही.

टायर आणि ऑइल या आठवड्यातच करतो. गियरचंही पटलं, चूक माझी होती. पण रिमॅपबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. कंपनी लाखो गाड्यांसाठी एकच आकडा ठरवते, त्यात जगभरचं इंधन आणि हवामान धरलेलं असतं. आपल्या गाडीपुरती त्यातली थोडी जागा वापरणं गैर नाही. विम्याचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. आधी विमा कंपनीला लेखी विचारतो. नकार आला तर विषय तिथेच संपला.

स्पॅनर१३
लेखी उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर एक करा. एक लाखाच्या पुढे या इंजिनांत टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपांना चिरा पडतात, क्लॅम्प ढिले होतात. दाबाखालची हवा तिथून निसटते आणि गाडी उशिरा उचलते. पाइपाच्या जोडाशी तेलकट काजळी दिसली की समजा तिथे गळती आहे. ईजीआर व्हॉल्व्हवर (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर) कार्बन साचला असेल तोही साफ करून घ्या. तुमच्या दोन सेकंदांपैकी एखादा तिथेच सापडायचा.

घाटमाथा
शनिवारी गाडी लावतो. पाइपांचे फोटो इथेच टाकतो.