वणव्याचा धूर आपल्याकडे येतोय का, हे उपग्रहचित्रांवरून कसं ओळखायचं? (टोरांटो परिसर)

मिसिसागाकरीण
पुण्याहून आई जूनमध्ये येतेय, दोन महिन्यांसाठी. तिला दमा आहे. २०२३ ला क्वेबेकच्या वणव्यांचा धूर आला तेव्हा मी इथे नवीन होते, शेजारी कुणीतरी पाला जाळतंय असं समजून खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या! यंदा आधी कळायला हवं. नासाची वर्ल्डव्ह्यू ही उपग्रहचित्रांची साइट बघते, पण गोंधळ होतो. मागच्या उन्हाळ्यात एकदा चित्रात आमच्या डोक्यावर करड्या धुराचा जाड पट्टा आणि बाहेर हवा छान. चारच दिवसांनी चित्र स्वच्छ, घसा मात्र खवखवतोय. रोज दहा मिनिटांत उरकेल असं काही सुचवा.

ढगवेडा
यात तुमची चूक नाही. उपग्रहाला जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा धूर एकात एक मिसळून दिसतो. तो तीन-चार किलोमीटर उंचीवरून जात असेल तर सूर्य तांबडा दिसतो, आभाळ पांढुरकं होतं, पण नाकापर्यंत काहीच येत नाही.

दुसरं म्हणजे वर्ल्डव्ह्यूवरचे मोडिस, व्हिअर्स हे कॅमेरे ध्रुवीय कक्षेतल्या, म्हणजे ध्रुवांवरून घिरट्या घालणाऱ्या उपग्रहांवर आहेत. हे उपग्रह उजेडात एका जागेवरून एकेकदाच जातात, त्यातले बरेच दुपारी दीडच्या आसपास. संध्याकाळी आलेला धूर त्यात कुठून दिसणार? ते वापरायचं ते आग कुठे लागलीय हे बघायला, तांबड्या ठिपक्यांसाठी.

तुम्हाला हवाय गोझ-ईस्ट. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणारा, तुमच्या भागाचं चित्र दर पाच मिनिटांनी. 'स्लायडर' या साइटवर जिओकलर (दिवसा खऱ्यासारखे रंग दाखवणारं चित्र) निवडा आणि तीन-चार तासांची चित्रं सलग पळवा. एका चित्रात धूर आणि विरळ ढग ओळखताना मीही फसतो. चित्रं पळायला लागली की ढग फुगतात, विरतात, त्यांच्या कडा ठसठशीत असतात. धूर ओढणी ओढत न्यावी तसा सरकतो. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधीच्या तासाभरात बघा, तिरप्या उन्हात तो उठून दिसतो. रात्री नाद सोडा. तेव्हा चित्र इन्फ्रारेडवर जातं आणि त्याला धूर जवळजवळ आरपार असतो.

जर्सीवाली_मावशी
ढगवेडा +१. ७ जून २०२३ ला आमच्याकडे भर दुपारी दिवे लावावे लागले होते. न्यूयॉर्कचा एक्यूआय (हवा किती खराब आहे त्याचा आकडा) ४०० च्या वर. त्या दिवसापासून मी एचआरआरआर-स्मोक हा अमेरिकेतला धुराचा अंदाज बघते. त्यात दोन वेगळे नकाशे असतात, एक हवेच्या सगळ्या थराचा आणि एक जमिनीलगतचा. दुसराच बघायचा. पहिला बघून मी एकदा वाढदिवसाची पार्टी रद्द केली, लेक अजून ऐकवते. तुमच्यासाठी फायरस्मोक कॅनडाही आहे, पुढच्या दोन दिवसांचा अंदाज तासातासाने सरकवून बघता येतो.

खोकलेबुवा
उपग्रह वगैरे ठीक, पण आईंना बाहेर न्यायचं की नाही हे जमिनीवरचे आकडेच सांगणार. ओंटारिओचा एक्यूएचआय, म्हणजे हवेचा तब्येतीला किती धोका ते सांगणारा आकडा, बघा. ७ च्या पुढे गेला की फेरफटका घरातल्या घरात. जवळचा आकडा हवा तर पर्पलएअर, लोकांनी घरोघरी लावलेल्या सेन्सरांचा नकाशा, फक्त तिथे यूएस ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) दुरुस्ती निवडा, धुरात ते सेन्सर फुगवून सांगतात. आणि घर गरम करणाऱ्या फर्नेसला मर्व्ह १३ (बारीक कण अडवणारा) फिल्टर झेपतो का ते आत्ताच विचारून घ्या. धूर आल्यावर दुकानात एक मिळत नाही.

मिसिसागाकरीण
सगळ्यांचे खूप आभार! आज पहाटे स्लायडर लावलं आणि लेक ओंटारिओवर पांढरा थर बघून नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो म्हणतो धुकं आहे. कोण बरोबर?

ढगवेडा
थराची कड सरोवराच्या काठाला धरून आहे का?

मिसिसागाकरीण
हो, अगदी आखून दिल्यासारखी.

ढगवेडा
मग धुकंच, धूर काठ बघून थांबत नाही. त्यांना झोपू द्या.