मदत हवी आहे: बास कॅबिनेटमधील १६ ओहमचे जुने ड्रायव्हर बदलताना काय पाहावे?

नमस्कार,

मी पुण्यात एका हौशी बँडमध्ये गेली अकरा वर्षे बास गिटार वाजवतो आणि मागील वर्षापासून चार तारांऐवजी पाच तारांची बास वापरू लागलो आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये (स्पीकरच्या पेटीत) दहा इंची दोन ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर, आणि वरच्या स्वरांसाठी एक लहान हॉर्न आहे. ते मी वापरलेलेच विकत घेतले होते. यंदा गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात सर्वांत खालच्या बी तारेवर लांब स्वर धरला की उजव्या ड्रायव्हरमधून जाड कागद फाटावा तशी फरफर येऊ लागली. घरी आणून जाळी काढली आणि मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटांनी सारखाच दाब देत कोन (हलून आवाज काढणारा पडदा) हलकेच आत ढकलून पाहिला. डावा अलगद सरकला. उजव्यात मात्र वाळूवरून बोट फिरवल्यासारखी खरखर हाताला स्पष्ट जाणवली. त्याची कॉइल (कोनाला जोडलेले तारेचे वेटोळे) मॅग्नेटच्या फटीत घासत आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, कॉइल नव्याने भरून आणि कोन बदलून देणारे कारागीर मिळतात, हे मला ठाऊक आहे. परंतु कॉइलची उंची किंवा कोनाचे वजन थोडे जरी बदलले तरी तो ड्रायव्हर मूळचा राहत नाही आणि शेजारच्या जुन्या ड्रायव्हरशी त्याचा मेळ बसत नाही, असे वाटते. म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत आणि शक्य झाल्यास वजनाने हलक्या निओडिमियम मॅग्नेटचे घ्यावेत, असा विचार आहे. आमची तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि सध्याचे कॅबिनेट २४ किलोंचे आहे.

माझी खरी अडचण ओहमची, म्हणजे विद्युत अवरोधाची आहे. जुन्या ड्रायव्हरच्या पाठीवर १६ ओहम असे छापलेले आहे, मल्टिमीटरवर ते ११.६ आणि ११.९ दाखवतात, आणि पॅरलल जोडणीमुळे कॅबिनेट ८ ओहमचे होते. चौकशी केली तेथे मात्र दहा इंची निओडिमियम ड्रायव्हर बहुतेक ८ ओहमचेच मिळाले. तसे दोन पॅरलल जोडले तर कॅबिनेट ४ ओहमचे होईल आणि सिरीजमध्ये जोडले तर १६ ओहमचे. माझा अॅम्प ८ ओहमवर ३०० वॅट आणि ४ ओहमवर ५०० वॅट देतो. ४ च्या खाली जोडण्यास निर्मात्याने मनाई केली आहे. मोठ्या कार्यक्रमात मी मित्राचे ८ ओहमचे दुसरे कॅबिनेट सोबत लावतो. माझे ४ ओहमचे झाले तर दोन्ही मिळून साधारण २.७ ओहम होतील, म्हणजे ती सोय संपली.

पेटीची मापे देतो. आतून रुंदी ५६, उंची ४० आणि खोली ३६ सेंटिमीटर आहे. आधाराच्या पट्ट्या, हॉर्न आणि ड्रायव्हर यांची जागा वजा केल्यावर सुमारे ७२ लिटर हवा उरते. पुढे ७.५ सेंटिमीटर व्यासाचे आणि १२ सेंटिमीटर लांबीचे दोन गोल पोर्ट (पेटीतील हवा आतबाहेर जाण्याच्या नळ्या) आहेत. अॅम्पच्या आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून, अगदी कमी आवाजात, २० ते १०० हर्ट्झपर्यंतचे स्वर सोडून कॅबिनेटवरील व्होल्टेज मोजले. दोन शिखरांमधील सर्वांत खोल जागा ४६ हर्ट्झच्या आसपास आली.

या पेटीला कोणत्या गुणांचा ड्रायव्हर मानवेल, आणि ओहमचा तिढा कसा सोडवावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार. तुम्ही पोर्टची वारंवारता, म्हणजे पोर्टमधील हवा ज्या स्वरावर सर्वाधिक कंप पावते ती, प्रत्यक्ष मोजली हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर त्या ४६ च्या आकड्यातच आहे. पाच तारी बासची मोकळी बी तार सुमारे ३१ हर्ट्झवर वाजते आणि ई तार ४१ वर. पोर्टच्या वारंवारतेखाली पेटीतील हवा कोनाला अडवत नाही. कोन मोकाट हलतो आणि वॅटची मर्यादा येण्याच्या कितीतरी आधी हालचालीची मर्यादा संपते. नवे ड्रायव्हर ४०० वॅटचे घेतले तरी हे बदलणार नाही. त्यामुळे आधी ३५ ते ४० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावावा, असे मी आग्रहाने सांगेन. बी तारेचा स्वर हरवेल अशी भीती बाळगू नका. कानाला तो मुख्यतः ६२ हर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकवरूनच, म्हणजे दुप्पट वारंवारतेच्या उपस्वरावरून, कळतो.

ड्रायव्हर निवडताना माहितीपत्रकातील थील-स्मॉल आकडे पाहावेत; ड्रायव्हर कोणत्या पेटीत कसा वाजेल हे त्यांवरून कळते. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी विस्तारलेले हे गणित आजही तसेच लागू पडते. तुमच्या पेटीत प्रत्येक ड्रायव्हरच्या वाट्याला ३६ लिटर येतात. क्यूटीएस (कोनाचे कंपन किती लवकर शमते याचा आकडा) ०.३५ ते ०.४५ आणि व्हीएएस (कोनाच्या आधाराइतकीच लवचिक असलेल्या हवेचे आकारमान) ३५ ते ४० लिटरच्या आसपास असेल तर जोडी बसेल. क्यूटीएस ०.२५ असलेला महागडा ड्रायव्हर या पेटीत पातळ वाजेल, आणि ०.५ च्या वरचा घुमेल. एक्समॅक्स, म्हणजे कोनाची एका दिशेची सुरक्षित हालचाल, ५ मिलिमीटरच्या जवळपास तरी असावी. एमिनन्स आणि सेलेस्टियन या दोन्ही ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपन्या हे सर्व आकडे प्रसिद्ध करतात. ज्या ड्रायव्हरचे आकडे मिळत नाहीत तो घेऊ नये.

ओहमबाबत सांगायचे तर ३०० वरून ५०० वॅट हा फरक केवळ सव्वादोन डेसिबलचा आहे. तेवढ्यासाठी ४ ओहमकडे जाण्यात अर्थ नाही. जावे लागले तर ते ड्रायव्हरच्या उपलब्धतेमुळे. त्याआधी मागची प्लेट उघडून ड्रायव्हरच्या वाटेत क्रॉसओव्हरची (ड्रायव्हर आणि हॉर्नमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटची) कॉइल आहे का, हे पाहा. असल्यास ओहम निम्मे होताच ती जिथून वरचे स्वर अडवते ती वारंवारताही निम्म्यावर येईल आणि मधले स्वर दबतील.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आज प्लेट उघडली. ड्रायव्हरच्या तारा थेट सॉकेटवर सोल्डर केलेल्या आहेत. कॅपॅसिटर आणि कॉइल केवळ हॉर्नच्या वाटेत आहेत. एका मित्राचा हाय-पास पेडल आणून ३८ हर्ट्झवर ठेवला आणि केवळ डाव्या ड्रायव्हरवर बी तार वाजवली. पूर्वी ज्या आवाजाला कोन थरथरताना डोळ्यांना दिसत असे, त्याच आवाजाला तो आता जेमतेम हलतो, आणि स्वर आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. त्यामुळे फिल्टर आधी घेत आहे. दुसरे कॅबिनेट मला वर्षातून दोनतीन वेळाच लागते. तरीही १६ ओहमच्या जोडीसाठी महिनाभर थांबेन आणि नाहीच मिळाली तर ८ ओहमचे दोन घेऊन कॅबिनेटवर ४ ओहम असे ठळक लिहून ठेवेन.

एक शेवटची शंका आहे. जुन्या फ्रेमला चार भोके आहेत आणि मला आवडलेल्या ड्रायव्हरला आठ. प्लायवूड १८ मिलिमीटरचे आहे. जुन्या चार टी-नटवरच (लाकडात ठोकलेल्या नटांवरच) ड्रायव्हर बसवला तर फ्रेमच्या कडेतून हवा गळेल का, की उरलेली चार भोके पाडून घेणेच योग्य ठरेल?