विदेशी साप-सरडे पाळण्यावर सरसकट बंदीची मागणी : विरोधाचे निवेदन कसे लिहावे?

कारेलीबागकर

नमस्कार. बडोद्यातल्या आमच्या सोसायटीत गेल्या पंधरवड्यापासून एका निवेदनावर सह्या घेतल्या जात आहेत. विदेशी साप, सरडे आणि कासवे घरात पाळण्यावर राज्यभर पूर्ण बंदी घालावी, अशी मागणी त्यात शासनाकडे केली आहे. निमित्त झाले ते वाहनतळात निघालेल्या एका सापाचे. ती आपल्याकडची साधी धामण होती, पण माझ्याकडे अजगर आहे हे सर्वांना माहीत असल्यामुळे संशय थेट आमच्या दाराशी आला.

माझ्याकडे सहा वर्षांपासून एक बॉल पायथन, म्हणजे लहान आकाराचा विदेशी अजगर आहे. मादी आहे, लांबी सुमारे चार फूट, वजन दीड किलो. ही जात पश्चिम आफ्रिकेतली आणि बिनविषारी असून घाबरली की डोके मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करून बसते. २०२० साली केंद्र शासनाने विदेशी प्राण्यांची माहिती स्वेच्छेने देण्याची योजना आणली तेव्हा मी ती दिली होती, आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर रीतसर नोंदही केली. त्या नोंदणीची मुदत २८ ऑगस्ट २०२४ रोजी संपत होती. मी अर्ज जुलैतच भरला हे नशीब, कारण त्या दिवशी निम्मे बडोदे पाण्याखाली होते. विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरू लागले तेव्हा तिची पेटी चादरीत गुंडाळून आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे नेली. काकूंनी तांदळाच्या डब्याशेजारी जागा करून दिली आणि दोन दिवस कुरकुर न करता ती पेटी सांभाळली. आज निवेदनावरची पहिली सही त्यांचीच आहे. त्यांना नातवंडांची काळजी वाटते, ती खोटी नाही, आणि म्हणूनच मला त्यांच्याशी भांडायचे नाही.

मला या मागणीच्या विरोधात वेगळे निवेदन द्यायचे आहे. ‘माझा प्राणी शांत आहे’ एवढ्यावर ते टिकणार नाही, हे कळते. मग त्यात काय लिहावे?

दांडियाबाजार

आपण सुरुवात कायद्यापासून करावी, असे मी सुचवीन. मी वकिली करतो, आणि अशा बहुतेक निवेदनांमध्ये जे आधीच निषिद्ध आहे त्याचीच पुन्हा मागणी केलेली असते, असा माझा अनुभव आहे. नाग, धामण, घोरपड, आपला देशी अजगर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे आणि ते घरात ठेवणे हा गुन्हाच आहे. विदेशी प्राण्यांचे म्हणाल, तर २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) याच्या परिशिष्टांतील प्रजातींसाठी चौथी अनुसूची आणि कलम ४९एम आणले. तुमचा बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना हा मोठा विदेशी सरडा हे दोन्ही त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे मालकाने प्राण्याची नोंद करणे आणि पुढे त्याचा जन्म, मृत्यू किंवा हस्तांतरण कळवणे बंधनकारक आहे.

यातून निघणारा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. शासनाने लोकांना सांगितले की तुमच्याकडे काय आहे ते उघड करा, आणि ज्यांनी विश्वास ठेवून उघड केले त्यांचीच यादी आज शासनाकडे आहे. उद्या सरसकट बंदी आली तर पहिली झळ या प्रामाणिक माणसांना बसेल, आणि ज्यांनी कधी नोंदच केली नाही त्यांचा प्राणी रातोरात एखाद्या नाल्यात सोडला जाईल. बडोद्यात नाला कुठे जाऊन मिळतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मात्र एक कमतरता तुम्ही स्वतःहूनच मान्य करावी. कॉर्न स्नेक या अमेरिकी बिनविषारी सापासारख्या ज्या प्रजाती साइट्सच्या परिशिष्टांत नाहीत, त्या या नोंदणीच्या बाहेर राहतात. त्यांचीही नोंद सक्तीची करा, अशी मागणी आपल्याच निवेदनात असली पाहिजे. नुसता नकार घेऊन गेलेल्या माणसाचे कार्यालयात कोणी फारसे ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी विषयाला सोडून, पण लिहितोच. माझ्या आजीच्या घरी चौकात तारा कासव होते. घरात कासव असले की लक्ष्मी टिकते, अशी तिची श्रद्धा होती. गुरुवारी ती त्याच्या पाठीवर हळदीचे बोट लावायची आणि मेथीची पाने स्वतःच्या हाताने भरवायची. तेच तारा कासव आज आपल्या वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, २०१९ पासून साइट्सच्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टातही आहे, तरी अशी घरे अजून आहेत. तिथे बंदी हवीच, आणि ती नीट राबवलीही गेली पाहिजे. आपला विरोध कशाला आहे आणि कशाला नाही, हे या एका उदाहरणाने वाचणाऱ्याला चटकन कळेल.

सर्पमित्र_मांजलपूर

मी वरील दोघांशी पूर्ण सहमत नाही. साप पकडण्यासाठी मला येणारे फोन देशी सापांचेच असतात, हे खरे. पण लाल कानाच्या स्लायडर कासवांचे काय? रुपयाएवढे पिल्लू काचेच्या भांड्यात घालून विकले जाते, ते जेवणाच्या ताटलीएवढे होते, आणि मग कंटाळलेले मालक त्याला तलावात सोडून देतात. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आणून दिलेल्या एका स्लायडरची पाठ बोटाने दाबली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी दबत होती. त्याला कधी ऊन मिळाले नव्हते आणि वर्षानुवर्षे फक्त कोरडे दाणे घातले होते. अशा प्रजातीच्या विक्रीवर बंदी आली तर मी विरोध करणार नाही, आणि तुम्हीही करू नये.

पण तुमच्या सोसायटीला एक आठवण जरूर द्या. २०२४ च्या पुरात २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी पकडल्या गेल्या. तरी मगरी नाहीशा करा असे या शहराने म्हटले नाही. कोणाला फोन करायचा, गर्दी कशी आवरायची, मगरीचा जबडा कसा बांधायचा, हे शिकलेली माणसे इथे तयार झाली. काचपेटीतल्या दीड किलोच्या सापाबाबतही लोक शिकतील.

मूळचा_रावपुऱ्याचा

मी गेली बावीस वर्षे ह्यूस्टनला आहे, माझ्याकडे दोन कॉर्न स्नेक आहेत, आणि हा वाद मी इथे अनेकदा पाहिला आहे. २००९ साली अमेरिकी काँग्रेसमध्ये एच. आर. ६६९ हे विधेयक आले होते. मंजूर यादीत नसलेल्या कोणत्याही परदेशी प्राण्याची आयात आणि व्यापार बंद, असे त्याचे स्वरूप होते. पाळणाऱ्यांनी लोकप्रतिनिधींना ढिगाने पत्रे लिहिली आणि विधेयक समितीच्या पुढे गेले नाही. २०२२ मध्ये तशाच यादीची तरतूद एका अवाढव्य विधेयकात घालून प्रतिनिधीगृहाने संमत केली, पण ऑगस्टमध्ये झालेल्या अंतिम कायद्यातून ती वगळली गेली.

आमचीही बाजू सर्वस्वी धुतल्या तांदळासारखी नव्हती. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मी अजगरांनी सस्तन प्राण्यांची जी हानी केली आहे ती डोळ्यांनी दिसते, आणि ते अजगर पाळणाऱ्यांच्या व विक्रेत्यांच्या हातूनच तिथे पोचले. म्हणून २०१२ मध्ये चार मोठ्या अजगर-अ‍ॅनाकोंडा प्रजातींना हानिकारक ठरवून त्यांची आयात बंद केली गेली, २०१५ मध्ये आणखी चार प्रजातींची. आमचे म्हणणे असे होते की दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीत जे जगते ते मिनेसोटाच्या बर्फात जगत नाही, तेव्हा धोका प्रजाती आणि हवामान पाहून ठरवा. बडोद्याला हेच लावले तर उत्तर दोन्ही बाजूंना पटेलसे नाही, कारण आपल्याकडे बर्फ नाही. हिरवा इग्वाना फ्लोरिडात मोकळा फिरतो, तिथे २०२१ मध्ये त्याचा समावेश निषिद्ध यादीत झाला, आणि गुजरातच्या उन्हात तो तग धरणार नाही असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यामुळे ‘काहीही होत नाही’ असे निवेदनात कृपया लिहू नका. प्रत्येक प्रजातीची तज्ज्ञांकडून वेगळी तपासणी मागा.

कारेलीबागकर

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यातला ‘हे प्राणी पूर्णपणे निरुपद्रवी आहेत’ हा परिच्छेद मी काढून टाकला. त्याऐवजी तीन मागण्या घातल्या आहेत : प्रजातीवार तपासणी, साइट्सबाहेरच्या प्राण्यांचीही सक्तीची नोंद, आणि नको झालेला प्राणी शिक्षेची भीती न बाळगता सोपवता येईल अशी जागा. स्लायडरच्या विक्रीबाबत सर्पमित्रांचे म्हणणे मी तसेच ठेवले आहे. घरात यावर मतभेद झाले, तरी ठेवले आहे.

रविवारी सकाळी सोसायटीची बैठक आहे. सर्पमित्र, आपल्याला दहा वाजता येणे जमेल का? त्याआधी मी काकूंकडे मसुदा वाचून दाखवायला जाणार आहे.