लेव्हिटाऊनमधलं १९४९ चं घर: फरशीखालचं हीटिंग

प्रश्न: न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाऊन वसाहतीतल्या या घरांना तळघर का नाही? फरशीखालचे पाइप गळतायत का, हे कसं ओळखायचं?

उत्तर १: बिल्डर अब्राहम लेव्हिट आणि त्यांच्या विल्यम, आल्फ्रेड या मुलांनी १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर ही वसाहत उभारली. खोदाई वाचवायला थेट जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब, त्यातच घर तापवणारे गरम पाण्याचे तांब्याचे पाइप. सुरुवातीच्या करारांत गोरे नसलेल्यांना राहायला मनाई होती. हा अन्याय इतिहासातून वगळू नये.

उत्तर २: बॉयलर पूर्ण गार होऊ द्या, पाणी भरणारी झडप बंद करा आणि प्रेशर गेज बघा. काटा उतरत गेला तर गळती आहे. अख्खा स्लॅब फोडायची गरज नसते. बरेच जण भिंतीलगत बेसबोर्ड हीटर बसवून जुने पाइप बंद करतात.

उत्तर ३: फोडायचंच असेल तर आधी जुन्या अस्फाल्ट टाइल्स तपासून घ्या, त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असू शकतं.