युनियन नसेल तर पगार वाढतच नाही का? (कुपवाड एमआयडीसी)

सीएनसी_कुपवाड: ६ वर्षं झाली मशीनवर, पण कंपनीच्या नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. परवा पगाराची स्लिप नीट बघितली तर ओटी (ओव्हरटाइम) सिंगल रेटनं धरलाय आणि तो पण 'इतर भत्ता' म्हणून टाकलाय. कायद्यात डबल आहे ना? सुपरवायझर म्हणतो गेटवर अजून दहाजण उभेत. शेजारच्या कंपनीत युनियन आहे, तिथं दर ३ वर्षांनी करार होतो, आमच्यात युनियनचं नुसतं नाव काढलं तरी ब्रेक देतात, म्हणजे कामावरनं बसवतात. खरंच युनियनशिवाय जमत नाही का?

हळदीचं_पोतं: माझे वडील सांगलीत मार्केट यार्डात हमाल. हमालाला एक मालक नसतो, आज या दुकानात उद्या त्या, मग पीएफ कोण भरणार? आपल्या पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी एकत्र केले आणि १९६९ ला कायदा झाला. आता व्यापारी हमाली माथाडी मंडळात भरतो, वर लेव्ही (हमालीवर टक्क्यानं ज्यादा रक्कम) वेगळी, त्यातनं पीएफ-बोनस निघतो. वडलांचा हुक दाराला अडकवलेला असतो पण मंडळाचं पासबुक मात्र आई तिजोरीत ठेवते. एकट्या हमालाला हे कुणी दिलं असतं व्हय?

लेथवाला_मिरज: मी ९ माणसांचं वर्कशॉप चालवतो, शिव्या घाला पण ऐका. चांगला सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर) सोडून जाईल म्हटलं की मीच गपचूप पगार वाढवतो, तिथं कुठली युनियन लागत नाही. (हेल्परचा असा कधी वाढवला नाही, खोटं कशाला बोलू.) आणि १९८२ चा गिरणी संप विसरू नका, चुलते परळवरनं ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत.

रिटायर_फिटर: लेथवाले, तुमचं कंसातलंच खरं उत्तर हाय. भावा, युनियन रजिस्टर करायला एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यातलं जे कमी तेवढे मेंबर लागतात, पण ७ च्या खाली चालत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे तुमच्या सुपरवायझरला पण म्हाईत असतंय. आधी जुन्या स्लिपा, पंचिंगचे फोटो गोळा कर, तोंडी तक्रारीला लेबर ऑफिसात कोण विचारत नाही. आणि ग्रुपवर कायबी टाकू नको, एखादा तरी फुटतोच.

सीएनसी_कुपवाड: स्लिपा शोधल्या काका. आईनं मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहिलाय, ४ सापडल्या. चालतील ना?