टीएलडी, टीबीची औषधं आणि फिरती शिफ्ट: मदत हवी आहे

रबाळे एमआयडीसीत तिन्ही शिफ्ट करणाऱ्या पेशंटबद्दल विचारतोय. रात्री ९ ला टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी, त्यातलं एक डोल्युटेग्राविर) घेतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन लागलंय. त्याने डोल्युटेग्राविर कमी पडतं, म्हणून सकाळी ९ ला ५० मिग्रॅची जादा गोळी. रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती २ आठवडे चालू राहील.

घोळ अँटासिडचा. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम गोळी पोटातच अडकवतं, जेवणासोबत घेतली तरी. गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतरच हवी. म्हणजे अँटासिड फक्त ११ ते ३ मध्ये, दिवसा किंवा रात्री! त्यापेक्षा डॉक्टरांना पँटोप्राझोल (अ‍ॅसिडिटीचीच दुसरी गोळी) विचारलेलं बरं, त्याची डोल्युटेग्राविरला अडचण नाही.

प्रश्न असा: ९ची वेळ कुठल्या ना कुठल्या शिफ्टमध्ये येणारच. कोणाच्या नजरेत न येता डबीतली एकच गोळी कामावर कशी न्यायला सांगता? शर्टाच्या खिशात घामाने ओलसर होते.